पाच देशांचे मिस्टर

आमच्या खालच्या मजल्यावर राहत असलेल्या स्पॅनिश गृहस्थांइतका दूरदूरच्या देशांनी कामावरून काढलेला माणूस साऱ्या युरोपात दुसरा नसेल. पाच देशांच्या राष्ट्रीय फुटबॉल संघांचे ते कोच होते आणि पाचही देशांनी त्यांना मुदतीआधी घरी पाठवलं होतं. तरी त्या पाचही देशांची राष्ट्रगीतं त्यांना तोंडपाठ होती. त्यांच्या स्वतःच्या देशाच्या राष्ट्रगीताला शब्दच नाहीत, नुसती धून आहे. त्यामुळे गाण्याची हौस त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गीतांवर भागवून घेतली. रविवारी सकाळी ते दाढी करू लागले की आमच्या बाथरूमच्या पाइपातून एकेक देश वर येई, आणि वाळवंटातला कुठला व बेटावरचा कुठला हे माझ्या बायकोलाही कळू लागलं होतं. स्पेनमध्ये कोचला 'मिस्टर' म्हणतात, म्हणून आम्हीही त्यांना मिस्टरच म्हणायचो. मी न्युरेम्बर्गमधल्या एका कारखान्यासाठी पंपांची डिझाइन्स करतो, एवढ्यावरून त्यांनी माझं नाव 'इंजिनियर' ठेवलं होतं.

हकालपट्टीच्या हकिकती ते अगदी गंभीरपणे सांगत. बेटावरच्या देशात त्यांना ही बातमी विमानात शेजारच्या प्रवाशाच्या वर्तमानपत्रात दिसली. वाळवंटातल्या देशात मध्यंतरात फोनवर निरोप आला, आणि उरलेला सामना त्यांनी प्रेक्षकांत बसून पाहिला. आफ्रिकेतल्या देशात संघ जिंकत होता, पण क्रीडामंत्री बदलले. सगळ्यांत वरताण म्हणजे डोंगरातला तो देश. तिथलं पत्र सोनेरी शिक्क्याचं होतं आणि अक्षर काही केल्या वाचता येत नव्हतं. मिस्टरांना वाटलं, गौरवपत्र आहे. त्यांनी ते फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं. तीन आठवड्यांनी दूधवाल्याने ते वाचलं आणि टोपी काढून त्यांची क्षमा मागितली. तेव्हापासून कागद कसलाही असो, कोणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय ते स्वस्थ बसत नसत. त्यांची बायको न्युरेम्बर्गची, तिच्या आजारपणात ते इथे आले आणि ती गेल्यावर इथेच राहिले. पण त्यांचं जर्मन भाजी घेण्यापुरतंच होतं. मग वीजबिल, हाउसफरवाल्टुंगच्या, म्हणजे इमारतीचा कारभार पाहणाऱ्यांच्या, जिना झाडायच्या पाळ्या, चष्म्याच्या दुकानाची जाहिरात, सगळं घेऊन ते वर यायचे. मी वाचायचो आणि ते हात मांडीवर ठेवून ऐकायचे.

आमच्या वस्तीतल्या क्लबात ते बारा-तेरा वर्षांच्या मुलींचा संघ घडवत होते. माझी रेवा त्यात गोलकीपर. शनिवारच्या सरावालाही मिस्टर सूट आणि टाय घालून येत, कारण संघ हा संघ असतो असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांची एक वही होती. प्रत्येक देशात त्यांनी अशी वही लिहिली होती, आपल्यानंतर येणाऱ्या कोचसाठी. डावपेच त्यात नसत. कोणाची आई आजारी आहे, कोणाला सगळ्यांसमोर बोललेलं सोसत नाही, कोण हरल्यावर जेवत नाही, असलं काहीतरी त्यांच्या मोडक्या इंग्रजीत, ठळक अक्षरांत लिहिलेलं असे. पाचही वह्या ते टेबलावर ठेवून निघाले होते. त्या कोणी उघडल्या की नाही, हे त्यांना कधीच कळलं नाही.

गेल्या वर्षी क्लबचं पत्र आलं. मुलांच्या संघांना यापुढे इथला परवाना असलेलेच कोच शिकवतील, असा समितीचा ठराव होता. मिस्टरांची स्पेनमधली कागदपत्रं इतकी जुनी होती की त्यांचं आनेरकेनुंग, म्हणजे इथली मान्यता, मिळेपर्यंत रेवाचं लग्न झालं असतं. पाच राष्ट्रांना शिकवलेल्या माणसाला बारा वर्षांच्या मुली शिकवायला मनाई झाली होती. मला ते वाचवेना. मी सरळ खोटं बोललो. म्हटलं, मैदानावर नवीन हिरवळ लावणार आहेत.

मिस्टरांनी शांतपणे विचारलं, "पहिल्या ओळीत आभार मानलेत?"

मी पुन्हा पत्राकडे पाहिलं. मानले होते.

"आणि शेवटी शुभेच्छा. पत्र छोटं आहे, इंजिनियर. हिरवळीचं पत्र लांबलचक असतं."

मला शरमल्यासारखं झालं. त्यांनी कागदाची नीट घडी केली आणि म्हणाले, काढल्याचं त्यांना काही वाटत नाही, सवय आहे. पण पाच देशांत एकदाही आपल्या खेळाडूंना 'येतो' म्हणून सांगता आलं नव्हतं. निदान या मुलींना तरी सांगून जायचं त्यांच्या मनात होतं. पत्राप्रमाणे त्यांचं काम त्या दिवसापासूनच संपलं होतं.

ते खाली गेले आणि मला ऑफिसातली एक गोष्ट आठवली. या देशात माणूस नोकरी सोडो, घर सोडो, नाहीतर सुटीवर जावो, उबरगाबे झाल्याशिवाय काही पूर्ण होत नाही. जाणाऱ्याने येणाऱ्याला समोरासमोर बसून सगळं सोपवायचं. पंपाच्या एका व्हॉल्व्हसाठी मी दोन तासांचं उबरगाबे केलेलं आहे. मी क्लबच्या अध्यक्षांना मेल लिहिली. संताप, विनंती काही नाही, फक्त एवढंच, की या संघाचं उबरगाबे झालेलं दिसत नाही. तासाभरात उत्तर आलं: गेनाऊ, अगदी बरोबर, ते राहूनच गेलं, शनिवारी दहा वाजता, अर्धा तास.

नवीन कोच पंचविशीची मुलगी होती, हातात परवान्याची फाइल. मिस्टरांनी वही पुढे केली आणि लगेच मागे वळले. वही दिल्यावर काय होतं हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे थांबायचं असतं हेही त्यांना ठाऊक नव्हतं. तिने हाक मारली. तिने वही उघडून पहिलं पान वाचलं होतं आणि तिला काही विचारायचं होतं. मग ते दोघं बाकावर बसले. अर्ध्या तासाचे दोन तास झाले. ती विचारत होती, मिस्टर हातवारे करून सांगत होते, आणि मुली आपल्याआपणच पळत होत्या. शेवटी त्यांनी प्रत्येकीशी हात मिळवला आणि 'मी येतो' एवढंच म्हणाले. जाताना ते आपल्या देशाची ती बिनशब्दांची धून गुणगुणत होते. मला खूप बरं वाटलं आणि रडूही आलं.

पुढच्या महिन्यात ते स्पेनला बहिणीकडे राहायला गेले. एका शनिवारी मी नव्या कोचला सहज विचारलं, रेवाबद्दल काय लिहिलंय? तिने जरा विचार केला आणि पान दाखवलं. लिहिलं होतं: 'गोल खाल्ला की ही वडिलांकडे बघते. वडिलांनी तेव्हा हसायला हवं. मला सांगता आलं नाही, ते माझी पत्रं वाचतात.'

परवा रेवाने चार गोल खाल्ले. चारही वेळा मी हसलो, गाल दुखेपर्यंत. घरी येताना म्हणाली, "एगाल, बाबा. पुढच्या वेळी." एगाल म्हणजे जाऊ दे. सगळं जर्मनमध्ये बोलणारी पोर 'पुढच्या वेळी' मराठीत म्हणाली. हे कोणाला तरी सांगावं म्हणून मी जिन्यात खालच्या दारापाशी थांबलो, आणि मग वर आलो. रविवारी सकाळी आमच्या पाइपातून आता फक्त पाणी येतं.