आधी दूध, मग भात

जेवायला बसले की काका ताटाच्या कडेवर बोटाच्या पेराने दोनदा टण टण वाजवायचे. सारी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झालेली. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. "डबल दिली, आता निगू दे," म्हणत पहिला हात भाताला घालायचे. काकू वैतागायच्या, "अवो, ताटाला पोचे पडत्याल!" पोचे पडलेलेच होते.

भोरला काकांचं घर आमच्या शेजारीच, मधली भिंत एकच. पण खरी ओळख झाली ती मी रक्त तपासते त्या लॅबमध्ये. साखर बघायची आहे, उपाशी पोटी या, असं मी बजावून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सुई टोचणार, तोच काकांनी समाधानाने ढेकर दिला.

"काका, काही खाल्लंत का?"

"छ्या! उपासच हाय. निसती साबुदाण्याची खिचडी, आन् वर कपभर दूध."

उपाशी आणि उपास यांच्यात आपल्याकडे एका खिचडीचंच अंतर असतं, हे तुम्हीही पाहिलं असेल.

पुन्हा खरोखरच्या उपाशी पोटी तपासली, तेव्हा साखर निघालीच. डॉक्टर म्हणाले, भात बंद. तिथे मात्र काका खचले. मार्गासनीला त्यांची भाताची खाचरं होती. लावणीला अजून स्वतः चिखलात उतरायचे. "म्या पिकवायचा आन् दुसऱ्यानं खायचा व्हय?" एवढंच म्हणाले. पुढे कितीतरी दिवस भिंतीपलीकडून टण टण ऐकू आलं नाही. मला ते घर आजारी वाटायला लागलं.

शेवटी मीच त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर जरा नरमले. म्हणाले, जेवणाच्या थोडं आधी वाटीभर बिनसाखरेचं दूध घेऊन बघा, मग अर्धी वाटी भात. दुधातलं एक प्रथिन पटकन पचतं आणि इन्शुलिनला जागं करतं. दुसरं पोटात दह्यासारखं घट्ट होऊन सावकाश उतरतं, त्यामुळे मागचा भातही हळूहळू पुढे सरकतो आणि साखर एकदम चढत नाही. "पण गोळी चुकवायची नाही. आणि दुधातही साखर असते, ती विसरायची नाही."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत काकांनी त्याची एसटी केली होती. "म्हंजी एक जण फुडं जाऊन डायवरला उठवतो, आन् दुसरा जाडजूड गडी दारातच उभा ऱ्हातो. मग भातानं कितीबी रेटारेटी करू दे, एकेकानंच आत यायचं!"

काही दिवसांनी जेवणानंतर मी त्यांच्या घरी जाऊन त्यांचं बोट टोचलं. साखर खरंच उतरली होती. दुधाने, गोळीने की भात कमी झाल्याने, देव जाणे. काकांनी सगळं श्रेय दुधाला देऊन टाकलं. मग रोज भिंतीपलीकडून हाळी यायची, "आधी दूध!" आणि जरा वेळाने टण टण.

एका लग्नात पंगतीला बसल्यावरही त्यांनी वाढप्याला अडवलं, "भात ऱ्हाऊ दे, आधी दूध आन." त्या बिचाऱ्याने बासुंदी आणून ओतली. काकांनी माझ्याकडे आशेने पाहिलं. "हीबी दारातलीच की गं, पोरी?"

"काका, ही साखरेचं पोतं घेऊन चढलीय."

त्यांनी वाटी इतक्या दुःखाने बाजूला सारली की मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

गेल्या वर्षी काका बसल्या जागी गेले. हृदय थांबलं. एकच घंटी.

दहाव्याला नीरेकाठी त्यांच्याच शेतातल्या भाताचा पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून राहिले, शिवेनात. भावकीने वचनं दिली, खाचरं विकणार नाही, काकूंना अंतर देणार नाही. तरी एकही खाली येईना. लोक चुळबुळ करायला लागले.

तेवढ्यात काकू उठल्या. विधीसाठी आणलेलं दूध त्यांनी द्रोणात ओतलं आणि द्रोण पिंडाच्या पुढे ठेवला. "समद्यांनी आधी भातच वाढला त्यास्नी," त्या पुटपुटल्या. मग, जन्मभर ज्या आवाजाला वैतागल्या, तोच त्यांनी तांब्याच्या काठावर काढला. टण टण.

आम्ही मागे सरलो. एक कावळा उतरला. त्याने आधी दुधात चोच घातली, मग भाताला शिवला. योगायोग असेल, पण मला रडू आवरेना.

काकूंनी पदराने डोळे पुसले.

"निगाली गाडी," त्या म्हणाल्या.