होणाऱ्या जावयाचा पेपर

मुलीच्या साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख ठरली त्याच आठवड्यात होणाऱ्या जावयाने मला मोबाईलवर आपला शोधनिबंध पाठवला. खाली लिहिलं होतं, "सर, जर्नलला पाठवायचा आहे. एकदा नजर टाका. मनमोकळं सांगा."

मनमोकळं सांगा असं म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा 'छान आहे' एवढंच ऐकायचं असतं. तालुक्याच्या कॉलेजात वाणिज्य शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे हे मला पक्कं ठाऊक होतं. पण निवृत्त झाल्यापासून मला कोणी काही तपासायला दिलं नव्हतं. मी हरखलोच. बाजारात जाऊन प्रिंट काढून आणली, पेन्सिलीला टोक केलं आणि अंगणात उन्हाला खुर्ची टाकून बसलो.

आमचं घर नवेगाव बांध या तलावाकाठच्या गावात. थोडी धानाची शेती आहे, ती आता धाकटा भाऊ बघतो. मुलगी गोंदियाला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते आणि शनिवारी घरी येते. होणारा जावईही गोंदियाचाच. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान, आणि हा मॅनेजमेंटच्या कॉलेजात शिकवतो. स्थळ नात्यातून आलं होतं. दोघं काही वेळा भेटली, बोलली, आणि मुलीने होकार दिला. पहिल्यांदा घरी जेवायला आला तेव्हा त्याने न लाजता दुसऱ्यांदा भात मागून घेतला. बायकोचं मत तिथेच पक्कं झालं. वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढा, पण जावई होणार म्हणून मी त्याला 'तुम्ही' म्हणत होतो, आणि तो मला 'सर'.

निबंध इंग्रजीत होता. विषय होता बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट, म्हणजे एखाद्या धंद्यातली कामं कोणत्या क्रमाने होतात, कुठे अडतात आणि क्रम बदलला तर काय सुधारतं याचा अभ्यास. त्याने त्यासाठी राईस मिल घेतली होती. धानाचा ट्रॅक्टर फाटकाशी येतो तिथपासून तांदळाची पोती बाहेर पडतात तिथपर्यंतचं सगळं त्याने एका आकृतीत मांडलं होतं. काट्यावर वजन, ओलावा तपासणं, उतराई, भुसा काढणं, पॉलिश. ती आकृती इतकी स्वच्छ होती की मी कडेला 'उत्तम' असं लिहून टाकलं. सर्वात जास्त वेळ फाटकाबाहेर थांबण्यात जातो, हेही त्याने बरोबर पकडलं होतं. मग त्याने मिलमालकाला टोकन पद्धत सुरू करायला लावली, ट्रॅक्टरवाल्यांना वेळ वाटून दिली, आणि काही महिन्यांनी पुन्हा जाऊन मोजणी केली. थांबण्याचा वेळ निम्म्याच्याही खाली आला होता. निष्कर्षात त्याने मोठ्या विश्वासाने लिहिलं होतं की हा बदल टोकन पद्धतीमुळे झाला.

मी तक्ता पुन्हा पाहिला. पहिली मोजणी दिवाळीनंतरची होती. दुसरी होळीच्या आधीची.

आमच्याकडे दिवाळीनंतर सारा जिल्हा एकदम धान कापतो, चुरून दाणे काढतो आणि मिलकडे धाव घेतो. होळीच्या आधी मिलच्या फाटकावर असतं कोण? खरिपाचं धान संपलेलं असतं आणि इटियाडोह धरणाच्या पाण्यावरचं उन्हाळी धान अजून शेतात हिरवं असतं. तेव्हा टोकन असो नसो, ट्रॅक्टर सरळ आत जातो.

सारा निबंध मी परत वाचला, या आशेने की कुठेतरी त्याने हे लिहिलं असेल, एखाद्या तळटीपेत तरी. नव्हतं. मी पेन्सिल खाली ठेवली.

बायको धुणं वाळत घालत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. "काऊन जी, तोंड कायले उतरलं?"

मी तिला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मंग? चांगला हाये म्हणून सांगून द्या."

"चांगला नाही ना पण. म्हणजे आहे, पण मुख्य गोष्टच टिकत नाही."

"लगनाची गोष्ट चालून राहिली, परीक्षेची नाई. आपली पोरीकडची बाजू. जवायाच्या चुका काढते का कोणी साक्षगंधाच्या आधी?"

"तो जर्नलला पाठवणार आहे. तिथे कोणी पकडलं तर?"

"मंग ते पकडतील. तुमी कायले पकडता?"

तिचं म्हणणं चूक नव्हतं. मुलाच्या मनात एकदा सासऱ्याबद्दल अढी बसली तर ती मुलीला आयुष्यभर सोसावी लागते, हे मीही पाहिलेलं आहे. दोन दिवस मी 'छान आहे' हे दोन शब्द मोबाईलवर लिहिले आणि पुसले.

शनिवारी मुलगी आली. चहा पिताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तू वाचलास का गं त्यांचा पेपर?"

"मला नका विचारू बाबा," ती म्हणाली. "त्यांनी तुम्हाला दिला ना? तुम्हाला जे वाटते ते सांगा त्यांना."

"राग आला तर?"

तिने कप खाली ठेवला. "येऊ द्या," एवढंच म्हणाली आणि आत आईला मदत करायला गेली.

रविवारी दुपारी तो मोटारसायकलने आला. मी तलावाचे मासे आणले होते, बायकोने रस्सा केला होता. जेवण हसतखेळत झालं. मग आम्ही दोघं घरापुढच्या छपरीत बसलो. मी कागद बाहेर काढले तेव्हा बायको दाराआड उभी राहिली आहे हे मला तिच्या बांगड्यांवरून कळलं.

मी आधी आकृतीचं कौतुक केलं, आणि ते खरं होतं. भाषा थोडी जड झाली आहे, साध्या गोष्टीला मोठे शब्द लावलेत, असंही म्हणालो. तो हसला. "सर, जर्नलवालों को वही अच्छा लगता है."

मग मी विचारलं, "पहिल्यांदा मिलवर कधी गेला होतात?"

"दिवाळीनंतर. मागच्या वर्षी."

"आणि दुसऱ्यांदा?"

"होळीच्या..." तो थांबला. थांबला म्हणजे तोंड तसंच उघडं राहिलं. मग सावरून म्हणाला, "पण सर, टोकनमुळे फरक तर पडतोच ना. मिलमालक स्वतः म्हणाले. ट्रॅक्टरवालेही म्हणाले."

"पडत असेल. मी नाही म्हणत नाही. पण तुमच्या पेपरवरून ते कळत नाही. गर्दी असताना एकदा मोजलं आणि गर्दी नसताना एकदा."

"मी काउंटिंग तर बरोबर केलं आहे."

"मोजणी बरोबरच आहे. तुलना बरोबर नाही."

त्याचे कान लाल झाले. त्याने माझ्या हातातून कागद घेतले आणि पेन्सिलीच्या खुणा बघत पानं उलटली. माझ्या 'उत्तम'वरून त्याची नजर सरकून गेली. शेवटचं पान झाल्यावर म्हणाला, "मी हा पेपर कॉलेजात प्रेझेंट केला आहे सर. प्राचार्यांसमोर. कोणी काही बोललं नाही."

सभागृहात बसून लोक किती ऐकतात हे मला माहीत होतं, पण ते सांगून त्याला बरं वाटलं नसतं. बायको चहा घेऊन आली. त्याने अर्धा कप घेतला, कागद घडी करून जॅकेटच्या खिशात घातले, हिला वाकून नमस्कार केला, मलाही केला. "चलता हूं सर. निघतो." मुलगी फाटकापर्यंत गेली. दोघं काहीतरी बोलली, ते ऐकू आलं नाही. मोटारसायकल वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा बायको म्हणाली, "झालं तुमच्या मनासारखं?"

त्यानंतरचा आठवडा फार वाईट गेला. मुलगी सोमवारी पहाटे गोंदियाला परतली आणि तिचा फोन आला तो आईला, तोही कामापुरता. मुलाकडच्यांकडून साक्षगंधाच्या हॉलबद्दल निरोप यायचा होता. आला नाही. साड्या घ्यायला गोंदियाला जायचं ठरलं होतं, तेही बायकोने थांबवलं. "आधी कळू तर द्या," म्हणाली. जेवायला वाढायची, पण बोलायची नाही. मी सकाळी शेताकडे जायचो. कालव्याला पाणी सुटलं होतं, भाऊ उन्हाळी धानाच्या रोपाची तयारी करत होता. तो काही विचारायचा, मी भलतंच उत्तर द्यायचो.

मी त्या निबंधाबद्दल पुन्हा पुन्हा विचार केला. चूक होती, यात शंका नव्हती. पण माझं बोलणं कसं होतं? मी विद्यार्थ्याला विचारावं तसं त्याला एकेक प्रश्न विचारत कोपऱ्यात नेलं होतं. सरळ सांगता आलं असतं. एकदा मी फोन हातात घेतला, नंबर काढला आणि ठेवून दिला. बोलून आणखी बिघडवलं तर?

फोन आला तो मुलाच्या आईचा. मी घरातच होतो. बायकोने नाव पाहिलं, पदराने हात पुसले आणि पटकन फोन माझ्याच हातात दिला. आमच्या होणाऱ्या विहीणबाई गोंदियाच्या, घरात हिंदीच जास्त बोलतात.

"भाईसाहब, आपने क्या बोल दिया उसको?"

मी अडखळत विचारलं, "काय झालं जी?"

"अरे रोज भूसे में नहाके आता है! कॉलेज से छूटा कि सीधा मिल. एक नहीं, दो-दो मिल. बालों में भूसा, जूते में भूसा. मैं बोली साक्षगंध के दिन भी ऐसे ही बैठेगा क्या? बोलता है, अभी सीजन है, निकल गया तो साल भर रुकना पड़ेगा."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि मी पलंगावर बसलो. त्या बोलतच होत्या. हॉलचं नक्की झालं होतं, सांगायचं राहून गेलं कारण ज्याला सांगायचं काम दिलं तो मिलवर. साडीचा रंग कोणता घ्यायचा हे बायकोला विचारायचं होतं. मी फोन तिच्याकडे दिला. ती आधी घाबरत 'हो जी, हो जी' म्हणत होती, मग मोरपंखी की डाळिंबी यावर आली, आणि तिचा आवाज हळूहळू नेहमीसारखा मोठा झाला. मी अंगणात जाऊन उगाच दोन चकरा मारल्या. छातीवरचं ओझं उतरलं म्हणतात ते खरंच शरीरात जाणवतं. श्वास खालपर्यंत जायला लागतो.

संध्याकाळी मुलाचाच फोन आला. मागे मशीनचा आवाज. ओरडून बोलत होता. "सर, त्या दिवशी रस्ताभर मला राग आला होता. तुमचाच." मग म्हणाला, घरी जाऊन त्याने तक्ता परत पाहिला आणि मोठ्याने स्वतःवरच हसला. पेपर पाठवणं त्याने थांबवलं होतं. आता त्याने नवा मार्ग काढला होता. एक टोकनवाली मिल, एक बिनटोकनवाली, दोन्हीकडे त्याच दिवसांत मोजणी. "दोन्ही मिल अगदी सारख्या नाहीत, हे मला माहीत आहे. ते मी लिहिणार आहे."

"लिहा," मी म्हणालो. "आणि डोक्याला फडकं बांधत जा."

त्या शनिवारी मुलगी आली तेव्हा तिनेच विषय काढला. आम्ही तलावाच्या पाळीवर फिरायला गेलो होतो.

"बाबा, मी तो पेपर वाचला होता. तुमच्या आधी."

"मग बोलली काऊन नाहीस?"

"बोलली होती ना. त्यांना. मी म्हटलं, हे दोन्ही महिने वेगळे नाहीत का? तर म्हणाले, तुझं लॅबचं काम वेगळं, रिसर्चमध्ये असं पाहत नाहीत." तिने पायाजवळचा खडा पाण्यात भिरकावला. "मला ते लागलं. खूप लागलं. होकार दिला होता, हॉल पाहणं सुरू होतं, आणि माझ्या मनात तेच फिरत होतं. मीच त्यांना म्हटलं, बाबांना दाखवा."

मी थांबलो. "म्हणजे तू मला पुढे केलंस?"

"तुम्ही खोटं बोलणार नाही हे माहीत होतं. ते कसं ऐकतात ते पाहायचं होतं."

"आणि मी छान आहे म्हटलं असतं तर?"

ती पुढे चालू लागली. ते दोन शब्द मी किती वेळा लिहून पुसले होते, हे मी तिला सांगितलं नाही.

"ते काय म्हणाले मग तुला?"

"रविवारी घरी जाऊन तक्ता पाहिला, आणि सोमवारी मी गोंदियाला पोचली तसा फोन केला. म्हणाले, तू सांगितलं तेव्हाच ऐकायला पाहिजे होतं. बाबांनी सांगितल्यावर ऐकलं, याची जास्त लाज वाटून राहिली." ती हसली. कित्येक दिवसांनी तिला अशी मोकळी हसताना पाहिलं. "तुम्हाला सांगणार होती, पण आई इतकी रागात होती की फोनवर हिंमतच झाली नाही."

साक्षगंध नीट पार पडलं. मुलाच्या केसात भुसा नव्हता, विहीणबाईंनी स्वतः तपासून पाठवलं होतं. उन्हाळ्यात लग्नही झालं.

निबंध त्याने पुन्हा लिहिला तेव्हा आकृती तीच ठेवली, निष्कर्ष मात्र लहान झाला. टोकनने थांबण्याचा वेळ कमी होतो, पण पूर्वी वाटला होता तेवढा नाही, आणि गर्दी फारच वाढली की टोकन असून नसल्यासारखंच. पाठवण्याआधी मुलीने तो वाचला. मला पाठवला तेव्हा त्यात तिच्या निळ्या शाईच्या खुणा होत्या, एका पानावर तर तिने अख्खा परिच्छेद खोडला होता. मला सांगण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. एक-दोन जागी शब्द सोपे करा म्हणालो.

जर्नलकडून निबंध परत आला आहे, बऱ्याच सूचनांसह. परवा फोनवर जावई मला एकेक वाचून दाखवत होता. "हे बघा बाबा, हे तर उगाचच आहे," असं म्हणायचा, आणि मागून मुलगी म्हणायची, "उगाच नाही, नीट वाचा." दोघांचा तिकडेच वाद सुरू झाला. मी फोन कानाला लावून बराच वेळ ऐकत बसलो, मग कोणालाही न सांगता ठेवून दिला आणि जेवायला उठलो.