काळ्या फळीवरचे बांगडे

पॉलिश मारलं म्हणजे चमकलंच पाहिजे, नाहीतर ते पॉलिश कसलं, असं आमच्या घाटकोपरच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांचं ठाम मत आहे. माझंही होतं. लाकूड कसं, तोंड दिसेल असं हवं.

नोकरी संपल्यावर बायका योगाला जातात, भजनाला जातात. मी करवत आणली. स्क्रोल सॉ म्हणतात तिला. दिसायला शिलाई मशीनची बहीण, फक्त सुईच्या जागी बारीकसं पातं खालीवर नाचत असतं आणि आपण लाकूड हवं तसं वळवत राहायचं. पानं, पक्षी, जाळ्या, काय हवं ते कापता येतं. मग वेगवेगळ्या लाकडांचे तुकडे एकमेकांत बसवले की भिंतीवर लावायचं चित्र तयार होतं. गॅलरीत मशीन बसवलं त्या दिवशी नवरा म्हणाला, "रोज संध्याकाळी बोटं मोजत जा हां, कमी भरली तर मला सांग." असा आमचा पाठिंबा.

माझा एक हट्ट होता. रंग लावायचा नाही. गडद हवं तर शिसव घ्या, तांबूस हवं तर सागवान, फिकट हवं तर शिवण. देवाने एवढे रंग लाकडात भरून ठेवलेत आणि तुम्ही वर डबा ओतता? रंगच फासायचा असेल तर पुठ्ठा घ्या ना, लाकडाची वाट कशाला लावता! हे भाषण मी वखारवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना ऐकवलेलं आहे.

आई आमच्याकडे राहायला आली ती डोळ्यांमुळे. तोवर चेंबूरला एकटी, झकास राहायची. डॉक्टर म्हणाले, पडद्याचा मधला भाग झिजलाय, कडेचं दिसत राहील, पण नेमकं समोरचं पुसट होत जाणार, आणि नवा चष्मा करून काही उपयोग नाही. मी तिथेच रडायच्या बेतात. आई मात्र पिशवी उचलून म्हणाली, "वय झाला. डोळे काय आता नवे येतले? चल, भूक लागली." गावाकडचं मालवणी तिने कधी सोडलं नाही, आणि भूकही.

पण घरी ती गप्प झाली. तिच्या पलंगासमोर एक कोरी, पिवळसर भिंत होती. टीव्ही ती नुसता ऐकायची आणि दिवसभर त्या भिंतीकडे तोंड करून बसायची. मला त्या भिंतीचा राग यायला लागला. आहे ती नजरसुद्धा जायच्या आत, तिला खरोखर दिसेल अशी एक तरी वस्तू मला तिथे लावायची होती. दुसरं काही नको होतं मला. आणि आईसाठी काय कापायचं याचा विचारच करावा लागला नाही. बांगडे! बांगडा म्हटलं की आजही तिचा चेहरा फुलतो.

शिसवीच्या फळीवर मी सागवानाचे बांगडे पोहायला सोडले. पाच-सहा हात मेलामाइनचं पॉलिश चढवलं, मध्ये मध्ये पॉलिश पेपर घासला. काय चमक आली म्हणून सांगू! शेजारीण आली, पदर सावरत त्यात स्वतःलाच बघून गेली. मी फुगून टम्म. फळी भिंतीवर चढवली, ट्यूबलाइट लावला आणि आईला समोर बसवलं.

"कसं आहे?"

आईने मान तिरकी केली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "दिवो बरो लायलंस हां."

दिवा! समोरच्या ट्यूबलाइटचं पॉलिशमध्ये पडलेलं प्रतिबिंब तेवढं तिला दिसत होतं. मासे गेले कुठच्या कुठे. नवरा तोंडावर हात धरून खोलीतून पळाला. मी "हो, छान आहे ना दिवा," म्हणाले आणि गॅलरीत जाऊन मशीनचा प्लग उपटून ठेवला. आठवडाभर त्याला हात लावला नाही. कोणी विषय काढला की अंगावर जायचे.

तो राग उतरवला दहीभाताने. आई रोज पांढऱ्या ताटलीत जेवायची आणि अर्धा भात तसाच टाकायची. मला वाटायचं, तिची भूक गेली. एक दिवस ताटल्या घासायच्या राहिल्या होत्या, म्हणून नवऱ्याने तिला भाजीच्या काळ्या बीडाच्या तव्यातच दहीभात कालवून दिला. मी ओरडणार होते, "अरे, माझ्या आईला तव्यात जेवायला देतोस?" पण बघते तर आईने तवा चाटूनपुसून साफ केलेला, एक शीत शिल्लक नाही. वर विचारते, "आज भात कमी कित्याक दिलास?"

मी आधी काळा तवा बघितला, मग सिंकमधल्या पांढऱ्या ताटल्या. इतके दिवस तिला पांढऱ्यावर पांढरं वाढत होते आणि ती बिचारी अंदाजाने घास उचलत होती. भिंतीवरही मी तेच केलेलं: तपकिरीवर तपकिरी, आणि वर आरसा बसवलेला. चांगल्या डोळ्यांना त्यातला फरक श्रीमंत वाटतो, शेजारणी वा वा करतात. आईच्या डोळ्यांना तो एकच गोळा होता.

मग मी नमुने करायला घेतले. हातभर फळ्यांवर वेगवेगळी लाकडं बसवली, कुणावर जवसाचं तेल, कुणावर लाखेचं पॉलिश, कुणावर नुसतं मेण. एकेक भिंतीला लावून आईला विचारायचं. पण ती कसली वस्ताद! माझं मन राखायला प्रत्येक वेळी "दिसता, दिसता" म्हणायची. शेवटी मी म्हटलं, "दिसतंय ना? मग उठ आणि बोट लाव." सागवानाच्या नमुन्यापाशी बोट भिंतीवर भलतीकडेच टेकलं. लाखेपाशी चमकेवर टेकलं. आणि एका फळीवर, जिच्यावर मी फिकट शिवणीचा तुकडा नुसतं मेण चोळून ठेवला होता, तिथे बोट सरळ गेलं, बरोबर कडेवर टेकलं आणि कडेकडेने फिरायला लागलं. त्या फळीवर तुकड्याच्या मागे काळा रंग होता.

होय, रंग! मीच लावला होता, कोणी बघत नसताना. हार्डवेअरवाल्याकडे शाळेच्या फळ्याला लावतात तो काळा मिळतो, अजिबात न चकाकणारा. डबा घरी आणताना मी तो ओढणीखाली लपवला होता. नवऱ्याने पकडलंच. "देवाने लाकडात भरलेले रंग संपले वाटतं?" म्हणाला. मी त्याला ब्रश फेकून मारला. नेम चुकला, भिंतीवर काळा ठिपका आहे अजून.

दुसऱ्यांदा कापायला बसले ती घाईनेच, कारण मधल्या काळात आईला चहाचा कपही चाचपडत शोधावा लागत होता. मोठेच्या मोठे तीन बांगडे कापले. फळी फळ्यासारखी काळीठिक्कर. माशांची पोटं शिवणीची, पाठ सागवानाची, सगळं मेण चोळून मंद ठेवलेलं. पण बांगडा म्हटला की पट्टे आले, आणि तिथे गाडी अडली. शिसवीचे काळे पट्टे सागवानावर ठेवून बघितले, दोन पावलं मागे गेलं की गायब. तेच पट्टे शिवणीवर ठेवले की कसे कडक उठून दिसत! मी फार विचार केला नाही. पट्टे पोटावर बसवले, गोंद लावला आणि रात्रभर दाबून ठेवले.

सकाळी ट्यूब बंद ठेवून, खिडकीचा पडदा सारून फळी टांगली. आई चहा पीत होती. मी कपड्यांच्या घड्या घालायचं नाटक करत उभी राहिले. आईने मान तिरकी केली. कप खाली ठेवला. कडेच्या नजरेने बघायला मान अजून वळवली, आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"ह्यां काय केलंस गो?"

"काय झालं?"

"बांगड्याचे पट्टे पाठीर असतत. पोटार कोणी घातले? मालवणची पोरगी ना तू? कोणी बगल्यान तर काय म्हणतला!"

"अगं, तुला दिसावेत म्हणून पोटावर घातले."

"दिसले म्हणान तर बोलतंय!"

मी अशी हसत सुटले की हातातल्या घड्या खाली पडल्या. नवरा धावत आला, त्याला वाटलं मी रडतेय. दोन्ही चालू होतं. आई मात्र तिसऱ्या माशाची शेपटी कशी आखूड झालीय ते सांगत होती. जवळ जाऊन तिने एकेका पट्ट्यावरून बोट फिरवलं, चुका दाखवल्या आणि मग पलंगावर येऊन बसली.

"मासे पुरे आता," ती म्हणाली. "फुडचा तुजा तोंड काप."

"माझं तोंड? कशाला?"

"माका तां दिसणा नाय आता. तू बोलतंस, आवाज कळता. बगूक गेलंय की मधीच पुसलेला असता."

इतक्या महिन्यांत ती हे एकदाही बोलली नव्हती. मी लगेच कामाचं बोलायला लागले. म्हटलं, चेहरा शिवणीचा करते, मागे असंच काळं. पण केसांची पंचाईत आहे, कशाचे करू?

"शिसवीचे कर. काळेच होये. तुज्यासारखे काळे केस कोणाचे नाय."

"आई, माझे केस पांढरे झालेत."

"कधी?"

"तू इथे राहायला आलीस ना, त्याच सुमाराला. डाय लावायचं सोडलं मी."

तिने हात वर करून माझे केस चाचपले, जणू रंग बोटांना कळणार होता. बराच वेळ हात तिथेच होता.

"माका कोणी सांगूक नाय," ती म्हणाली. मग नाक ओढलं आणि पदराने डोळे पुसून समोरच्या भिंतीकडे वळली. "मगे सोप्पा झाला. काळ्यार पांढरे केस. लांबसून दिसतले."