तिसऱ्या खणातला गहू

बायकोलाही न सांगितलेली गोष्ट तुम्हाला सांगतोय. का, ते मलाही नीट कळत नाही.

गोंदियात मला सगळे जहाजवाले साहेब म्हणतात. मालवाहू जहाजावर मी चीफ ऑफिसर होतो. माल नीट भरला की नाही, हे बघणं माझं काम. पोत्यांशिवाय मोकळा गहू भरताना एक नियम फार कडक असतो — जहाजाच्या पोटातला खण अर्धवट राहिला, तर वरचा ढीग ओढून सपाट करायचा. नाही केला तर लाटेबरोबर गहू एका अंगाला सरकतो, आणि मग कललेलं जहाज परत सरळ होईल याचा भरवसा नाही. मला हे माहीत नव्हतं का? नव्या खलाशांना मीच तर शिकवायचो!

पण त्या गव्हात उतरायला मी भ्यायचो. लहानपणी इथल्या राइस मिलमध्ये धानाच्या ढिगात छातीपर्यंत रुतलो होतो. अधिकारी माणूस धान्याला घाबरतो, हे कुणाला सांगायचं?

आमचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम — तेजराम, आमच्याच जिल्ह्यातल्या सालेकशाचा. मीच त्याला जहाजावर आणलं होतं. एकदा गहू भरून होत आला, तेव्हा तो वर येऊन म्हणाला, तिसऱ्या खणात ढीग तसाच आहे, आणखी वेळ लागेल, एकदा खाली येऊन बघा. बघतो म्हणालो. शिडीपर्यंत गेलो — आणि परत फिरलो. कॅप्टनला सांगितलं, सगळं सपाट आहे.

भर समुद्रात जहाज डावीकडे कललं ते कललंच. टेबलावरची ताटं घसरली, माणसं लाइफजॅकेट घालून कठड्याला धरून उभी. मी देवाचं नाव घेत नव्हतो. हे कुणावर ढकलता येईल, एवढंच डोक्यात.

कसंबसं बंदर गाठलं. कुणी मेलं नाही. चौकशीत मी म्हणालो — काम झालं असं तेजरामनेच सांगितलं. अगदी ठामपणे म्हणालो. त्याला तिथूनच घरी पाठवलं; पुढे कुठल्याच जहाजाने घेतलं नाही.

आता तो गोंदिया स्टेशनबाहेर ऑटो चालवतो. मी दिसलो की दुसरी सवारी सोडून थांबतो. राग? राग असता तर बरं झालं असतं.

परवा त्याच्या ऑटोत बसलो, तर मागे वळून म्हणाला, "साहेब, पोरगी इचारते, तुले काऊन काढलं. ढीग तसाच आहे म्हनून मी तुमाले सांगतलो होतो ना जी? मले आता समजूनच नाई राहिलं."

स्वतःच्या आठवणीपेक्षा माझ्या शब्दावर त्याचा जास्त विश्वास बसला होता? नुसतं 'हो' म्हणायचं होतं. ऐकायला तिसरं कुणी नव्हतं.

"नाही तेजराम," मी म्हणालो. "सांगितलं नव्हतंस."

"मंग माजीच चुकी जी," असं म्हणून त्याने ऑटो सुरू केली, आणि मला घरी सोडलं.