शुक्रवारचा बाप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाखतींत नाही, गाण्यात नाही, आईला तर नाहीच. मी रॅपर माणूस, तोंडाळ, पोटात काही राहत नाही असं घरचेच म्हणतात. पण हे राहिलं.

आधी थोडी फुशारकी मारू दे, म्हणजे जीभ मोकळी होईल. माझा दुसरा अल्बम गाजला — आणि असा गाजला की बघतच राहा! दुसरा अल्बम हमखास आपटतो म्हणणारे आता माझ्याच गाण्याची रिंगटोन लावून फिरतात. कतारमधल्या अल खोरच्या मैदानावर अख्खं पब्लिक माझ्या ओळी माझ्याआधी म्हणत होतं. ते सुख मला मिळालं, आणि त्याबद्दल मी खोटा विनय दाखवणार नाही. पण तिथवर कसा पोचलो?

मराठी रॅप तेव्हा नुकतं कुठे रांगायला लागलं होतं. ज्याला त्याला गल्ली हवी होती, उपासमार हवी होती, पोलिसाचा दंडुका हवा होता. माझ्याकडे काय होतं? आम्ही मूळचे नाशिकचे, पण मी वाढलो अल खोरमध्ये, बाबांच्या कंपनीच्या घरात. कंपाउंडला गेट, आत पोहायचा तलाव, दारात स्कूलबस. बाबा गॅस प्लांटवर इंजिनियर. रोज संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरायचे, हेल्मेटने केस चपटे झालेले, आणि हात धुऊन माझं गणित घ्यायला बसायचे. ह्याच्यावर कोण रॅप करणार? लोक हसले असते.

मग मी काय केलं — एक बाप बनवला. लेबर कॅम्पात राहणारा मजूर बाप, आणि गावाकडे त्याची वाट बघणारा मी. कतारमध्ये सुट्टी शुक्रवारची, म्हणून त्याचा फोन शुक्रवारी. गाण्याचं नाव ‘शुक्रवारचा बाप’.

*फोन वाजला की बाप आला, फोन ठेवला की गेला,*
*अख्ख्या आठवड्याचा बाप आम्ही दहा मिनिटांत पाहिला.*

चांगलं आहे ना? आहेच. लाज वाटते ती त्याचीच. आणि ते रेकॉर्ड कसं झालं, माहितीये? माझ्या खोलीत, भर उन्हाळ्यात. एसीची घरघर माइकमध्ये यायची, म्हणून बाबांनी घरातले सगळे एसी बंद केले. फ्रिजचाही आवाज येतो म्हटल्यावर फ्रिज बंद. मी आत ‘बाप नाही, बाप नाही’ म्हणून गळा काढतोय, आणि बाबा बाहेर हॉलमध्ये बनियनवर, घामाने निथळत, पुठ्ठ्याने वारा घेत बसलेत. खुर्चीही करकरू नये म्हणून जमिनीवर. दुसऱ्या दिवशी दूध फाटलं, आईची बोलणीही त्यांनीच खाल्ली.

गाणं लागलं ते वणव्यासारखं. मुलाखतीत मला विचारायचे, खरंय का हे? मी मान खाली घालायचो. नुसती मान खाली घातली की पुरतं, तोंडाने खोटं बोलावं लागत नाही. बाबांच्या बसमध्येही ते वाजायचं. बसमधल्यांना खरं माहीत होतं. काय साहेब, शुक्रवारी घरी फोन करता की नाही, म्हणून ते बाबांची थट्टा करायचे. बाबाही हसायचे म्हणे. कलाकाराला सूट असते, म्हणायचे.

पण हे काही कबूल करण्यासारखं मोठं नाही, हे तर मी नंतर स्टेजवरूनही सांगितलं. मी टाळतोय, कळतंय ना तुला? बरं, सांगतो.

पहिल्या अल्बमचा कार्यक्रम दोहाच्या एका हॉलमध्ये होता. आई नाशिकला मावशीकडे लग्नाला गेलेली. बाबा मला गाडीतून घेऊन आले, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. कार्यक्रम संपल्यावर कॅम्पांतून आलेल्या लोकांनी मला घेरलं. त्यात रझाकचाचा होते, रत्नागिरीकडचे, वेल्डर. त्यांनी मला मिठीच मारली. तुझं गाणं ऐकून माझा मुलगा आता मधल्या वारीही फोन करतो, म्हणाले. डोळे पुसले. मग म्हणाले, “तुझे वडील कुठं असतात रे? एकदा भेटव मला.”

बाबा माझ्या मागेच उभे होते. खांद्यावर माझी बॅग, हातात माझी पाण्याची बाटली. चाचांनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मी म्हटलं, “हे आमच्या शेजारचे काका. सोडायला आलेत.”

झालं, बोललो. एवढंच वाक्य. आणि बाबा — बाबांनी बाटली ह्या हातातून त्या हातात घेतली आणि हसून म्हणाले, “हो, बाजूलाच राहतो मी. गुणी पोरगा आहे.”

परत येताना त्यांनी नेहमीच्या टपरीवर गाडी थांबवून करक, म्हणजे तिकडचा कडक दुधाळ चहा घेतला. माइक तोंडापासून जरा लांब धर, म्हणाले, ‘प’ आणि ‘फ’ फुटतात. बाकी काही नाही. त्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मला किती वेळा वाटलं!

मुंबईहून मागणी आली, शुक्रवारच्या बापाचा दुसरा भाग काढ. नाही काढला. दुसऱ्या अल्बमचं पहिलं गाणं मी आमच्या हॉलमध्ये रेकॉर्ड केलं, आणि बाबा एसीच्या बटणाकडे निघाले तेव्हा त्यांना अडवलं. अल्बमचं नाव ‘एसी चालू’. मागे ती घरघर आहे, मुद्दाम ठेवलीये.

*दार उघडं, एसी चालू, ताटात गरम भात,*
*बाप माझा रोज घरी यायचा सहाच्या आत.*

अल खोरच्या मैदानावर, थंडीतल्या एका संध्याकाळी, मी गाण्याआधी सगळं सांगून टाकलं. शुक्रवारचा बाप माझा नव्हता, तुमच्या पोरांचा होता, मी तो उचलला. पहिल्या रांगेत रझाकचाचा. आता चप्पल येते की काय, असं वाटलं. तर चाचाच उठून ओरडले, “अरे, मग खरा बाप दाखव की!” आणि शिट्ट्या, टाळ्या, एकच कल्ला!

बाबा स्टेजवर आले. तोच इस्त्रीचा शर्ट. माइक घेतला, तोंडापासून नीट लांब धरला, आणि म्हणाले, “नमस्कार. मी शेजारचा काका.”

मैदान फुटलं हसून. काय भारी बोलले तुझे बाबा, असं लोक अजून सांगतात. हसले नाहीत ते फक्त रझाकचाचा. ते बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होते, मग माझ्याकडे, आणि त्यांना ओळख पटली हे मला स्टेजवरून दिसलं.

बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “यल्ला, चल, लाव गाणं,” म्हणाले.

मी लावलं. त्या संध्याकाळी माझ्याइतकं चांगलं कुणीच गायलं नसेल. सगळं मैदान ‘सहाच्या आत’ म्हणून ओरडत होतं, बाबा बाजूला उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि त्यांच्या खांद्यावर माझी बॅग होती.