कापलेल्या बोटांचे सरडे

नवेगाव बांधच्या तळ्यापलीकडे एक टेकडी आहे. सह्याद्रीतला माणूस तिला डोंगर म्हणणार नाही. तिथे मी पर्वतीय सरड्यांवर पीएच.डी. केली. माझ्या मार्गदर्शकांना 'पर्वतीय' हा शब्द हवा होता आणि मला पदवी हवी होती, कारण तिच्याशिवाय मी आयुष्यभर गोंदियाच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर घासत बसले असते.

सरड्याचं अंग आपोआप तापत नाही. ऊन घेतल्याशिवाय त्याला धड पळता येत नाही. मग पायथ्याशी उबेत राहणारा सरडा चपळ, की माथ्यावर वारा खाणारा? माथ्यावरचा मंदच असणार, असं माझं म्हणणं होतं. हे मी टेकडी चढायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

सोबतीला पायथ्याच्या टोलीतले, म्हणजे तिथल्या छोट्या वस्तीतले, एक मामा होते. साठीचे, जंगलात रोजीने जाणारे, बोलायला कंजूष. मासे धरायच्या तंगुसाचा फास ते बांबूच्या काडीला बांधत आणि उन्हात बसलेल्या सरड्याच्या गळ्यात अलगद सरकवत. थंडीच्या सकाळी तर फासही लागत नसे. गारठलेला सरडा ते हातानेच उचलून माझ्याकडे देत. मी त्याच्या गुदद्वारात बारीक थर्मामीटर घालून तापमान बघे आणि त्याला नंबर देई.

नंबरासाठी सुरुवातीला पाठीवर नेलपॉलिश लावलं. माथ्यावरचे सरडे खडकाच्या भेगांत घुसून ते दोन दिवसांत घासून टाकत. मग मी कात्री काढली. कुठल्या पायाचं कितवं बोट कापलं, यावरून नंबर ओळखायचा, अशी जुनी रीत आहे. पायथ्याशीही एकावर कात्री चालवणार, तेवढ्यात मोळी घेऊन येणारी एक बाई थांबली.

"काऊन वं बाई, त्यानं का बिघडवलं तुयं?"

मी इतकी शरमले की त्या दिवसापासून खाली फक्त नेलपॉलिश. दर आठवड्याला पुन्हा लावावं लागे, पण लावत होते. कात्री माथ्यावर. वर बघायला कोणी नव्हतं. मामा होते, पण त्यांना मी कोणात धरतच नव्हते.

मग शर्यती लावल्या. खरखरीत लाकडी फळी तिरकी ठेवायची, सरडा सोडायचा, स्टॉपवॉच दाबायचं. माथ्यावरचे दर वेळी मागे पडले. अर्ध्या फळीवर त्यांचे पाय घसरत. मार्गदर्शकांना फोनवर आकडे सांगितले, तर ते खूश झाले. मीही झाले.

मामा फळीजवळ उकिडवे बसून बघत होते. आठवडाभराने म्हणाले, "बाई, एक बोलू? वरच्याचे बोटं तुमी तोडले. खालच्याचे नाई तोडले. मंग थो कसा पळन?"

माझे कान तापले. मला एका क्षणात सगळं कळलं होतं, ते कळलं नाही असं मी आजही म्हणू शकत नाही. सगळं काम पाण्यात जाणार होतं. पुन्हा पहिल्यापासून टेकडी, पुन्हा तासिका.

"मामा, तुम्ही सरडे धरा," मी म्हणाले. "शास्त्र माझं मी बघते."

दुसऱ्या दिवशी रागाच्या भरात मी एका सरड्याची दोनऐवजी चार बोटं कापली. नंबरासाठी दोनच लागत होती. त्याने तोंड उघडलं, बाकी काही केलं नाही. मामांनी तो माझ्या हातातून घेतला आणि दूर सावलीत नेऊन सोडला.

मग मोहफुलं आली. आमच्याकडे फुलं वेचायच्या आधी झाडाखालचा पाला जाळतात, म्हणजे पडलेलं फूल मोकळ्या जमिनीवर दिसतं. दर वर्षी ती आग विझते. त्या वर्षी वारा फिरला आणि आग टेकडीवर चढली. तिसऱ्या दिवशी आम्ही वर गेलो, तेव्हाही राख पायाला गरम लागत होती.

मामा खडकांमधून फिरले. परत आले तेव्हा त्यांच्या दुपट्ट्यात मेलेले सरडे होते. त्यांनी ते एका सपाट दगडावर ओळीने मांडले.

"मोजा, बाई."

अकरा होते. त्यातल्या नऊंची बोटं कापलेली. दोन जण भेगेच्या अगदी तोंडाशी सापडले, असं मामा म्हणाले; त्यांना आत चढून जाता आलं नव्हतं. मामांनी उभ्या कड्याकडे हात केला. भेगांमधून तीन-चार डोकी बाहेर येऊन ऊन घेत होती.

"बिनतोडलेले थे तिकडं हायेत."

मला रडू आलं नाही. मला मामांचा राग आला. मी म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." त्यांनी दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला आणि ते उतरून गेले. जाताना फास माझ्यासाठी दगडावर ठेवून गेले.

प्रबंधात मी एक जादा प्रकरण लिहिलं. माथ्यावरचे सरडे मुळातच मंद असल्यामुळे वणव्यात सर्वाधिक बळी त्यांचेच पडतात, असं. मौखिक परीक्षेत याच प्रकरणाचं कौतुक झालं. मला त्याच कॉलेजात कायम नोकरी लागली. मामांना मी पुन्हा भेटायला गेले नाही. टोली कॉलेजपासून काही फार लांब नाही.

त्या अकरांतला एक मी सोबत आणला होता. तो आमच्या प्रयोगशाळेत फॉर्मॅलिनच्या बरणीत आहे. चार बोटं नसलेला. मागच्या आठवड्यात दुसऱ्या वर्षाची एक मुलगी त्याचं चित्र काढता काढता थांबली.

"मॅडम, याची बोटं कुठं गेली?"

"आगीत गळली," मी म्हणाले.

तिने तसंच जर्नलमध्ये लिहिलं. संध्याकाळी मी ते तपासलं आणि खाली सही केली.