मे महिन्यात शोधलेलं जानेवारीचं ऊन

गेल्या रविवारी फरीदाबादच्या घरी लॅपटॉप उघडून बसले होते. बाहेर लूचं गरम वारं सुटलं होतं आणि मी स्क्रीनवर जानेवारीतलं ऊन शोधत होते…

झालं असं, की आमचं जुनं एकमजली घर पाडून बिल्डर तिथे खाली पार्किंग आणि वर चार मजले बांधणार आहे. त्यातला एक मजला मला राहायला. कोणता, ते मीच सांगायचं होतं, आणि सोमवारी सह्या होत्या.

मुलगा निखिल दिल्लीतल्या द्वारकेला राहतो. त्याचं मत ठाम, "आई, पहिलाच घे. गुडघ्यांचा विचार कर जरा." मीही हो म्हणून टाकलं होतं.

तरी म्हटलं, घर कसं होणार ते आधी बघून घ्यावं. बिल्डरच्या ऑफिसात इरम नावाची तरुण आर्किटेक्ट आहे, तिने घराचं ड्रॉइंग करायचं एक फुकट सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घालून दिलं. मी फार शिकलेली नाही, पण हे गेल्यापासून संध्याकाळी काहीतरी वाचत बसायची सवय लागली आहे. या वेळी कादंबरीऐवजी मॅन्युअल वाचलं, एवढंच.

पहिल्या दिवशी दहा बाय बाराची खोली काढली… दिसेचना. नंतर कळलं, माप मिलिमीटरमध्ये होतं आणि मी मुंगीचं घर बांधून बसले होते. तेव्हा तुम्हीही कधी करायला घेतलंत तर आधी फूट-इंच लावून घ्या, मगच पहिली भिंत काढा.

सॉफ्टवेअरमधले तयार सोफे-पलंगही वापरू नका. ते भलत्याच कुणाच्या घरच्या मापाचे असतात. मी टेप घेऊन आपलं लोखंडी कपाट मोजलं, पलंग मोजला, ह्यांची वेताची खुर्ची मोजली, आणि तेच काढलं. मोठा बदल करण्याआधी फाइलची एक कॉपी ठेवायची, हे मात्र एक अख्खं स्वयंपाकघर पुसलं गेल्यावर शिकले.

आणि स्क्रीनवर खांब उचलून कोपऱ्यात ठेवता येतो म्हणून हुरळून जायचं नाही. मी ठेवला होता. इरम म्हणाली, "आंटी, छत किस पे टिकेगी?" खांब, बीम, पाण्याचे पाइप ही कामं इंजिनिअरचीच.

तर रविवारी उन्हाचं बटण सापडलं. आधी गाव जवळचं म्हणून दिल्ली केलं, उत्तर दिशा नीट लावली… ती आपोआप बरोबर असेल असं धरून चालू नका. मग महिना जानेवारी, वेळ सकाळी अकरा. आणि पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत, जिथे मी खुर्ची ठेवली होती, तिथे लख्ख ऊन आलं.

इतकं बरं वाटलं! इथल्या हिवाळ्यात ऊन म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. निखिलला फोन करायला हात पुढे केला… आणि थांबले.

समोरच्यांनी चार मजले चढवले तेव्हापासून आमच्या व्हरांड्यात हिवाळ्यात ऊन येत नाही. हे खुर्ची घेऊन गच्चीवर जायचे, तेही अगदी मागे, पाण्याच्या टाकीजवळ. मी ओरडायचे, "अहो, पुढे बसा की, गल्ली तरी दिसेल." ते म्हणायचे, "गल्ली दिसेल गं, ऊन नाही दिसणार."

नवी पहिल्या मजल्याची बाल्कनी म्हणजे उंचीने आमच्या आत्ताच्या गच्चीची पुढची कडाच. तिथे ऊन येत असतं, तर हा माणूस दुखऱ्या गुडघ्यांनी खुर्ची ओढत टाकीपर्यंत कशाला गेला असता?

इरमला फोन लावला. तिने एकच विचारलं, "सामनेवाला मकान बनाया है मॉडल में?"

नव्हतं काढलं. मी फक्त आपलंच घर काढलं होतं.

"तो आंटी, आपका घर जंगल में खड़ा है! धूप तो आएगी ही।" आणि हसायला लागली. मग मलाही हसू आलं.

ऊन उतरल्यावर टेप घेऊन गल्लीची रुंदी मोजली, समोरच्या घराची उंची इरमने अंदाजाने सांगितली. खिडक्या-दारं काही नाही, नुसतं एक खोकं काढून समोर उभं केलं. पुन्हा जानेवारी, पुन्हा अकरा. पहिला मजला गेला सावलीत. दुसऱ्यावर, वेळ पुढे सरकवली तर, दुपारी जेमतेम एक पट्टा. तिसऱ्यावर मात्र खुर्चीच्या पायापर्यंत ऊन.

सगळ्या टिपा विसरलात तरी चालेल, ही एक लक्षात ठेवा. आपलं घर काढून झालं की शेजाऱ्यांचीही काढा.

सोमवारी मी तिसरा मजला म्हटलं. बिल्डर इतक्या आनंदाने "बिल्कुल आंटीजी" म्हणाला की पहिल्या मजल्याला गिऱ्हाईक जास्त असतं हे लगेच कळलं. मग मीही लिफ्टचा पॉवर बॅकअप करारात लिहून घेतला. निखिलने मात्र गाडीत बसताच विचारलं,

"आणि लिफ्टच बंद पडली तर?"

"तर वर बसेन. ऊन असेल."

मग त्याने विचारलं, "बाबांची खुर्ची बसेल ना बाल्कनीत?" मापाने बसते. पाय पसरले तर कमी पडत होतं, म्हणून इरमने बाल्कनी एक फूट वाढवून दिली. तिचे आभार मानायचे म्हणूनच खरं तर हे लिहायला घेतलं.

तीन वर्षं ती खुर्ची टाकीजवळच उलटी करून ठेवलेली होती. काल निखिलने खाली आणून पुसली… आता बसायची सवय मला करायची आहे.